सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानाने: अंतर, वेळ आणि घड्याळाचा घोळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी, म्हणजे सगळ्यांचा जेएफके. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये या दोहोंमध्ये विनाथांबा विमान सुरू झाले, तेव्हा तो जगातला सर्वांत लांबचा नियमित प्रवासी मार्ग ठरला. पहिल्यांदा तिकीट काढणारा माणूस हमखास चक्रावतो. किलोमीटर एक सांगतात, तास काही वेगळेच निघतात आणि तारखेचा तर पत्ताच लागत नाही. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दोन विमानतळांमधले अंतर नेमके किती?

सुमारे १५,३५० किलोमीटर. मैलांत साधारण ९,५३७ आणि वैमानिक वापरतात त्या नॉटिकल मैलांत ८,२८८. (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. नुसते ‘मैल’ लिहिले असेल तर कुठला मैल ते आधी बघा. निम्मा गोंधळ तिथेच होतो.)

दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर घाबरू नका. कोणी पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गुळगुळीत चेंडू धरतो, तर कोणी ती ध्रुवांपाशी चपटी आहे हे हिशेबात घेतो. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर आहे. त्यामुळे पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे होतात. विमानाच्या वेगाने पाच किलोमीटर म्हणजे वीस सेकंद, तेव्हा त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

हे अंतर मला स्वतःला काढता येईल का?

इतर कुठल्याही जोडीसाठी त्रिकोणमिती लागली असती. या जोडीला बेरीज-वजाबाकी पुरते, म्हणून ही जोडी माझी लाडकी.

चांगी १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर आहे. जेएफके ४०.६४ उत्तर आणि ७३.७८ पश्चिम. आता रेखांशांची बेरीज करा: १७७.७७ अंश. म्हणजे १८०ला जेमतेम सव्वादोन अंश कमी. ही दोन गावे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर बसली आहेत. अशा वेळी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते. ध्रुव ९० अंशांवर, त्यातून अक्षांश वजा करा: चांगीपासून ध्रुव ८८.६४ अंश, ध्रुवापासून जेएफके ४९.३६ अंश, एकूण १३८ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १५,३४५ किलोमीटर येतात. पाठ्यपुस्तकातले सूत्र न लावता खऱ्या आकड्याच्या पाचेक किलोमीटर जवळ पोहोचलो.

पण नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती ध्रुवाकडे जातच नाही!

भिंतीवरचा नकाशा म्हणजे संत्र्याची साल सोलून, ताणून टेबलावर चिकटवलेली. विषुववृत्तापाशी ती बरी बसते, ध्रुवांकडे भयंकर ताणली जाते. त्या नकाशावरची सरळ रेघ गोलावर सरळ राहत नाही.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक सिंगापूरवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. सैल असेपर्यंत तो कुठेही लोळतो. ताणला की आपोआप वर सरकतो आणि चीन, सायबेरिया, आर्क्टिक करत ध्रुवाजवळून कॅनडात उतरतो. दोऱ्याने धरलेली ही वाट म्हणजेच ग्रेट सर्कल, आणि अंतर म्हणून जो आकडा छापतात तो हिचाच. या मार्गाची ही वाट ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्याही आतून जाते.

मग विमान ध्रुवावरून जाते का?

सहसा नाही, आणि या मार्गाची खरी गंमत यातच आहे.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची रोजची चाल असते आणि हिवाळ्यात कधीकधी तीनशेच्या वर जाते. विमान अशा वाऱ्यात शिरले की जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग तेवढाच वाढतो. म्हणून सिंगापूरहून निघालेले विमान बहुधा जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिक ओलांडते. परतीचे विमान पुष्कळदा अटलांटिक, युरोप आणि पश्चिम आशियाच्या बाजूने येते. म्हणजे जातानाही पूर्वेकडे आणि येतानाही पूर्वेकडे! दोन फेऱ्यांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. दोन्ही वेळा वारा पाठीशी घ्यायची ही सोय फारच थोड्या मार्गांच्या नशिबी असते. ती इथे आहे, कारण ही गावे एकमेकांच्या पार पलीकडे आहेत आणि पूर्वेने काय, पश्चिमेने काय, फार फरक पडत नाही.

२०१८मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने शेजारच्या नेवार्कला विनाथांबा सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा प्रवासाचे अंतर सुमारे १६,७०० किलोमीटर सांगितले होते. दोऱ्याच्या मापापेक्षा हे तेराशे-साडेतेराशे किलोमीटरनी जास्त आहे. वाट लांबली तरी वारा ते भरून काढतो. रोजचा मार्ग त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरतो, त्यामुळे काल शेजारी ज्या वाटेने गेला त्याच वाटेने तुम्ही जाल असे नाही.

ध्रुवाजवळून जाण्यात दुसरीही कटकट असते, ती थंडीची. अमेरिकेत भरले जाणारे जेट ए इंधन उणे ४० अंशांना गोठू लागते, इतरत्र मिळणारे जेट ए-१ उणे ४७ला. बाहेरची हवा याहूनही थंड असू शकते. टाकीतले तापमान फार खाली येऊ लागले की वैमानिक विमान थोडे खाली आणतात किंवा वेग वाढवतात. शिवाय तिथे चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही, आणि अडीअडचणीला उतरायला विमानतळही मोजकेच.

अंतराला वेगाने भागले तर सतरा तास येतात. तिकिटावर अठरा-एकोणीस का लिहितात?

भागाकार बरोबर आहे. एअरबस ए३५० ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडते. त्या उंचीवर, उणे ५६ अंशांच्या हवेत, ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० झाला. १५,३५० भागिले ९०० म्हणजे सतरा तास.

पण तिकिटावरचा वेळ उडण्याचा नसतो, त्याला विमान कंपन्या ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान दारापासून मागे ढकलले की घड्याळ सुरू. मग धावपट्टीकडे रांगत जाणे, रांगेत थांबणे, उड्डाण, चढाई, सगळा प्रवास, उतरण्याआधी आकाशात घातलेल्या घिरट्या, धावपट्टीवरून पुन्हा दारापर्यंत, आणि चाकांना ठोकळे लावले की घड्याळ बंद. जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत नुसत्या रांगेत अर्धा तास सहज जातो. तुम्ही खुर्चीत बसून, पट्टा लावून समोरच्या विमानाची शेपटी बघत असता. तो अर्धा तासही प्रवासातच मोजला जातो.

त्यात चढाईत आणि उताराला वेग कमी असतो, वाट लांबची असते, आणि वेळापत्रक करणारे थोडी उशी ठेवतात. त्यामुळेच उशिरा सुटलेले विमान कधीकधी वेळेवर पोहोचते आणि वैमानिकाचे कौतुक होते. कौतुकातला निम्मा वाटा वेळापत्रकवाल्याचा असतो.

म्हणून ढोबळ हिशेब असा धरा: सिंगापूरहून जाताना अठरा तास आणि वर थोडे, येताना पावणेएकोणीसच्या आसपास.

समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१०० दिसला. विमान ध्वनीपेक्षा वेगाने गेले का?

नाही. पडद्यावर दिसतो तो जमिनीच्या हिशेबाने वेग, आणि ध्वनीची मर्यादा आजूबाजूच्या हवेच्या हिशेबाने असते. सरकत्या पट्ट्यावर चालणारा माणूस बाजूच्या भिंतीच्या हिशेबाने धावल्यासारखा वाटतो, पण त्याचे पाऊल नेहमीचेच असते, तसेच. २०२०च्या फेब्रुवारीत एक नेहमीचे प्रवासी विमान असाच जबर वारा पाठीशी घेऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. एरवी तिथे सहा-साडेसहा तास लागतात.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते. मग विमानाने नुसते वर थांबायचे, न्यूयॉर्क आपोआप खाली येईल की!

हा प्रश्न मुलेच विचारतात असे नाही. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते हे खरे, पण तिच्यासोबत हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच असते. धावत्या आगगाडीच्या डब्यात उडी मारली तर आपण मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. जेट स्ट्रीम घडण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात जरूर आहे, पण तो आडवळणाने.

दुपारी बाराला निघून त्याच दिवशी संध्याकाळी पोहोचतो, हे कसे?

उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या बरोबर बारा तास मागे असते. समजा सोमवारी दुपारी १२ला विमान निघाले आणि अठरा तास लागले. सिंगापूरच्या घड्याळात मंगळवारचे सकाळचे ६ वाजले. त्यातून बारा वजा करा: न्यूयॉर्कमध्ये सोमवारचे संध्याकाळचे ६. कागदावर सहा तासांचा प्रवास, अंगात अठरा तासांचा. वाटेत पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, तिथे एक तारीख परत मिळाली.

मिळालेले परतीच्या वेळी वसूल होते. सोमवारी रात्री १०ला न्यूयॉर्कहून निघा. पावणेएकोणीस तासांनी तिथे मंगळवारचे दुपारचे ४.४५ होतात, आणि सिंगापुरात बुधवारची पहाट, ४.४५. मंगळवार सगळा ढगांवर गेला. तिकिटात पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+२’ छापलेले असते, ते याचसाठी.

तो ‘+२’ मी एकदा वाचला नाही. मित्राला घ्यायला पहाटे चांगीवर जाऊन उभा राहिलो. फलकावर त्याच्या विमानाचा क्रमांक होता, ‘उतरले’ असेही दिसत होते, माणसे बाहेर येत होती, मित्र मात्र येईना. तासाभराने त्याच्या बायकोला न्यूयॉर्कला फोन लावला. ती म्हणाली, “अहो, ते तर इथे नुकतेच विमानात बसायला निघालेत!” मी ज्या विमानापुढे उभा होतो ते आदल्या रात्रीचे होते. मार्ग रोजचा, क्रमांक रोजचा तोच, त्यामुळे फलक मला खोटे पाडायला तयार नव्हता.

फरक बारा तासांचा की तेरा?

दोन्ही. सिंगापूर आपले घड्याळ कधी हलवत नाही. तिथे १९८२पासून वर्षभर जागतिक प्रमाणवेळेच्या ८ तास पुढची वेळ आहे. न्यूयॉर्क मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. उन्हाळी वेळेत फरक १२, एरवी १३. त्या दोन रविवारांच्या आसपास प्रवास असेल तर घेणाऱ्याला-सोडणाऱ्याला वेळ तोंडी सांगू नका, तिकीटच पाठवा. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ असते.

‘विनाथांबा’ आणि ‘थेट’ यांत फरक आहे का?

आहे, आणि तो न कळल्यामुळे पुष्कळांची निराशा होते. विनाथांबा म्हणजे मध्ये कुठेही चाके टेकत नाहीत. थेट म्हणजे विमानाचा क्रमांक एकच, पण मध्ये थांबा असू शकतो. या मार्गावर याचे चांगले उदाहरण आहे: सिंगापूरहून फ्रँकफर्टमार्गे जेएफकेला जाणारे विमान. एकाच क्रमांकाने जाते, पण फ्रँकफर्टला उतरावे लागते. सिंगापूर–फ्रँकफर्ट सुमारे १०,३०० किलोमीटर, पुढे ६,२०० किलोमीटर, मिळून १६,५००. अंतर साडेअकराशेच किलोमीटरनी वाढते, वेळ मात्र चोवीस तासांच्या घरात जातो. थांबा, पुन्हा चढणे, पुन्हा खाली येणे यांत तो जातो.

माझे मत विचाराल तर, पाठीचे किंवा पायाच्या सुजेचे दुखणे असेल त्याने मधला थांबा खुशाल घ्यावा. अठरा तास एका जागी बसणे हे काही शौर्याचे काम नाही.

जेएफके की नेवार्क?

अंतरात फरक पाच-सहा किलोमीटरचा, म्हणजे काहीच नाही. दोन विमानतळांमध्ये आकाशातून ३३ किलोमीटर आहेत. रस्त्याने मात्र मध्ये अख्खे शहर आणि नद्या येतात. नेवार्क मुळात शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे. जिथे जायचे ते घर कुठल्या बाजूला आहे हे पाहून ठरवा.

एवढ्या लांब जायला इंधन पुरते कसे?

यासाठी ए३५०-९००चा खास लांब पल्ल्याचा प्रकार बनवला गेला. त्यात १,६५,००० लिटर इंधन बसते, नेहमीच्या विमानापेक्षा २४,००० लिटर जास्त. त्यासाठी नव्या टाक्या बसवल्या नाहीत, इंधनव्यवस्थेत बदल करून आहेत त्याच टाक्यांत जागा काढली. पल्ला सुमारे १८,००० किलोमीटर. किंमत माणसांत मोजली जाते: सिंगापूर एअरलाइन्सने या प्रकारात जागाच १६१ ठेवल्या, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साध्या इकॉनॉमीची एकही नाही. लांबच्या उड्डाणात सुरुवातीचे इंधन बऱ्याच अंशी पुढचे इंधन वाहून नेण्यातच जळते, त्यामुळे प्रत्येक प्रवासी आणि त्याची प्रत्येक बॅग महाग पडते.

वैमानिक अठरा तास जागे राहतात?

नाही. चार वैमानिक असतात, पाळ्या लावतात, आणि त्यांना झोपायला वेगळी बंद जागा असते. उड्डाण आणि उतरणे सोडले तर चौघे एकदम कामावर असायचे कारण नसते.

पॅसिफिकवर एक इंजिन बंद पडले तर?

दोन इंजिनांचे विमान एका इंजिनावर उडू शकते. किती वेळ, याची परवानगी आधीच दिलेली असते. ए३५०-९००ला युरोपच्या नियामकांनी २०१४मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता दिली. अर्थ असा की, वाटेवरच्या कुठल्याही बिंदूपासून एका इंजिनावर सहा तास दहा मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ असला की पुरे. ही कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात मार्ग आखताना याहून बराच जवळचा विमानतळ हाताशी ठेवतात.

आकाश बंद झाले की वेळ किती वाढतो?

मार्गावर अवलंबून. २०२२मध्ये रशियाचे आकाश अनेक देशांच्या कंपन्यांना बंद झाले, त्याचा मोठा फटका फिनलंडला बसला. हेलसिंकी ते टोकियो सुमारे साडेनऊ तासांचे विमान तेरा तासांवर गेले. सिंगापूर–न्यूयॉर्कला तेवढी झळ लागत नाही, कारण वाऱ्यासाठी ही विमाने तशीही पॅसिफिक आणि अटलांटिकच्या बाजूने फिरत असतात.

वेगवान विमान का आणत नाहीत?

आणले होते. १९७७मध्ये ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे काँकॉर्ड विमान लंडनहून सिंगापूरला उडाले, बहारीनमध्ये इंधन भरत. तीन फेऱ्यांत ते थांबले, १९७९मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९८०मध्ये कायमचे बंद पडले. त्या विमानाच्या एका कुशीवर सिंगापूर एअरलाइन्सचे रंग होते, दुसऱ्या कुशीवर ब्रिटिश एअरवेजचे. त्याचा पल्ला सात हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सिंगापूर–न्यूयॉर्कला वाटेत दोनदा उतरावे लागले असते.

याहून लांब जाता येईल का?

पृथ्वीवर कुठल्याही दोन जागांत जास्तीत जास्त २०,००० किलोमीटर असतात. सिंगापूरच्या नेमक्या पलीकडचा बिंदू इक्वेडोरमध्ये पडतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटसने २०१९मध्ये न्यूयॉर्क–सिडनी १९ तास १६ मिनिटांत आणि लंडन–सिडनी १९ तास १९ मिनिटांत, मोजकी माणसे घेऊन, करून पाहिले आहे. भरल्या विमानाने रोज करणे ही वेगळी गोष्ट, त्यासाठी त्यांनी २०२२मध्ये ए३५०-१००० विमानांची मागणी नोंदवली.

घरातून निघून तिकडच्या घरी पोहोचेपर्यंत किती तास धरू?

पंचवीस. विमानाचे साडेअठरा, आधी विमानतळावर तीन, उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान मिळून दीड-दोन, बाकी दोन्हीकडचा रस्ता. न्यूयॉर्कहून पुढे दुसरे विमान असेल तर एक ध्यानात ठेवा: अमेरिकेत पहिल्याच विमानतळावर पासपोर्ट तपासणी होते आणि सामान पट्ट्यावरून स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागते, मग ते शेवटच्या गावापर्यंत नोंदवलेले का असेना. त्यामुळे पुढच्या विमानाआधी तीन तास तरी ठेवा. दीड तासाची जोडणी स्वस्त दिसते, आणि पट्ट्यापाशी उभे राहिल्यावर ती का स्वस्त होती ते कळते.